एक पौंड जास्त

सोमवार, १४ ऑक्टोबर १९९६

प्रिय मार्लिस,

तुझं पत्र आणि सोबतचा कागद गुरुवारी पोचला. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. तूही ठीक असशील असं धरून चालतो, कारण तब्येतीबद्दल तू काही लिहिलेलं नाहीस. आर्विलाकाकूचा डावा गुडघा थंडी पडायच्या आधीच बोलू लागला आहे. बीटची काढणी अर्ध्यावर आली. सोसायटीच्या वजनकाट्यावर मी सकाळी सहाला उभा राहतो. मागच्या मंगळवारी काटा वीस पौंड चुकत होता, ते माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नाही. प्लॅटफॉर्मखाली चिखल अडकला होता, तो मी स्वतः झोपून काढला.

कृषी विस्तार कार्यालयाची बातमी तुला हवी असेलच. तुझ्या जागी आलेला साहेब तीन काउंट्या सांभाळतो आणि आपल्याकडे फक्त बुधवारी येतो. दाराला पुठ्ठ्याचं घड्याळ लावलंय, ‘परत येईन’ म्हणून. त्याचे काटे ऑगस्टपासून दीडवर आहेत. कुकरमध्ये भाज्या शिजवून वर्षभरासाठी बरण्या भरण्याचे तुझे वर्ग बंद झाले. माती तपासायच्या पिशव्या खोक्यात पडून आहेत. प्रेशर कुकरचे दाबमापक तपासायचं माझं यंत्र कपाटात, त्यावर नाताळची सजावट. साहेबाला विचारलं तर म्हणाला, “मिस्टर टेश्नर, हल्ली लोक दुकानातून डबे आणतात हो.” मी म्हटलं, “हल्ली लोक कार्यालयात येऊन दीड वाजलेला बघतात आणि घरी जातात.” हसला. टोमणा कळायलाही थोडं शिक्षण लागतं.

आता तुझ्या कागदाबद्दल. नव्या नोकरीच्या मंडळाला माझ्याकडून लेखी हवंय, की ५ जुलै १९९५ रोजी इडेला फ्रेरिक्सबाईंच्या कुकरला मी जी चिठ्ठी बांधली तिच्यावर काय लिहिलं होतं. पंधरा डिसेंबरच्या आत, नाहीतर ती जागा दुसऱ्याला जाईल, असंही तू लिहिलंस. पोरी, सव्वा वर्ष झालं. त्या दिवशी मी एकतीस कुकर तपासले. प्रत्येकावर काय लिहिलं हे कुणाला आठवणार?

शिवाय चिठ्ठ्यांवरून आपलं काय झालं होतं ते तू विसरली नसशील. तू छापील चिठ्ठ्या आणल्यास, त्यावर एकच ओळ: ‘कुकर या आकड्यावर चालवा’, आणि पुढे रिकामी जागा. मापक एका पौंडानंही चुकत असेल तर नापास करून बदलायला लावायचा, हा तुझा दुसरा नियम. मी म्हटलं होतं, “आपल्या बायका काय पहिलीतल्या पोरी आहेत? मापकात काय दोष आहे ते लिहून द्यावं, हिशेब त्यांचा त्या करतील.” बावीस वर्षं मी तसंच लिहीत आलो. मी सुरुवात केली तेव्हा तू झबल्यात होतीस. सगळ्यांसमोर तू म्हणालीस, “काका, प्रश्न त्यांच्या हुशारीचा नाही, आपल्या शब्दांचा आहे.” विद्यापीठातून शिकून आलेल्या पुतणीनं आठवी पास काकाला शब्द शिकवावेत, हे त्या सभागृहातल्या चौदा बायकांनी ऐकलं.

असो. थंडीची सोय करून ठेव. गाडीची बॅटरी तपासून घे.

तुझा काका,
व्हर्लिन


शनिवार, ९ नोव्हेंबर १९९६

प्रिय मार्लिस,

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. आशीर्वाद.

“काका, तुम्हाला ७४ सालचा गव्हाचा ओलावा दशांशापर्यंत आठवतो,” असं तू लिहिलंस. बारा पूर्णांक सहा. हो, आठवतो. पण याचा अर्थ मी काही लपवतोय असा काढायचा असेल तर तसं सरळ लिही. कोपरखळ्या मारायची सवय तुझ्या बापाला होती. तो माझा थोरला भाऊ म्हणून मी सोसत आलो.

मार्चमधल्या कोर्टातल्या चौकशीच्या बैठकीबद्दल तू विचारलंस. मी तिसऱ्या बाकावर, खिडकीकडच्या टोकाला होतो. मी गप्प का बसलो, असा तुझा प्रश्न. मला कुणी विचारलं का? काउंटीच्या आयुक्तांनी आरोग्य खात्याच्या माणसाला विचारलं, डॉक्टरला विचारलं, तुला विचारलं. तपासनीस म्हणून वहीत सही माझी, तरी माझ्याकडे एकानंही मान वळवली नाही. पदवी नाही ना. स्वयंसेवक म्हणजे खुर्च्या मांडणारा. हे लिहायचं नव्हतं, पण आता लिहिलंच आहे तर राहू दे.

ठरलं ते सगळं एका आकड्यावर. उंचीप्रमाणे दाब वाढवायचा, नाहीतर बंद बरणीत विष तयार होतं, हे तूच शिकवायचीस. गावाची उंची अडतीसशे फूट, तिथे बारा पौंड दाब पुरतो. फ्रेरिक्सबाई पठारावर, चार हजार तीनशे पन्नासला. तिथे तेरा लागतो. त्यांनी त्या उन्हाळ्यात फरसबीच्या चौदा बरण्या भरल्या. जानेवारीत एक उघडली आणि न उकळता, सॅलडसाठी म्हणून एक शेंग चाखली. तिसऱ्या दिवशी पापण्या उचलेनात, पाचव्या दिवशी श्वास घेता येईना. गळ्यात नळी असताना डॉक्टरनं विचारलं, किती दाबावर शिजवलं? त्यांनी पाटीवर लिहिलं: १२. म्हणजे पठारावरच्या बाईनं गावचा आकडा वापरला, म्हणजे वर्गात नीट शिकवलं गेलं नाही, म्हणजे तू. तू उभी राहून म्हणालीस, “शिकवणं माझं काम होतं. त्यांना कळलं नसेल तर मी कमी पडले.” मला ते तेव्हा आवडलं नाही आणि आजही आवडत नाही. आपल्यावर ओढून घ्यायचं आणि मोठं व्हायचं.

आरोग्य खात्याच्या माणसाबरोबर त्यांच्या स्वयंपाकघरात मीच गेलो होतो, कारण त्याला पठारावरचा रस्ता ठाऊक नव्हता. उरलेल्या तेरा बरण्या मी खोक्यात भरल्या, मधे वर्तमानपत्र घालून. भिंतीवर तू वाटलेला तक्ता होता, तेरावर लाल पेन्सिलीचं वर्तुळ. तो त्या माणसानं पाहिला नाही. मी दाखवला नाही. माझं ते काम नव्हतं. कुकर ओट्याखाली होता. कडीला नुसती तार होती.

तेव्हा चिठ्ठीच जागेवर नव्हती, तर तिच्यावर काय होतं ते विचारण्यात अर्थ काय? मंडळाला हेच कळव.

काकू तुझ्यासाठी मफलर विणते आहे. रंग तिनं निवडला आहे, तक्रार तिच्याकडे कर.

तुझा काका,
व्हर्लिन


रविवार, १ डिसेंबर १९९६

मार्लिस,

आम्ही बरे आहोत. पुढचं तू बसून वाच.

गुरुवारी थँक्सगिव्हिंगच्या सणाला काकूनं भोपळ्याचं गोड सारण भरून ‘पाय’ भाजला आणि त्यातला एक भाग फ्रेरिक्सबाईंना देऊन यायला सांगितलं. अकरा महिन्यांत मी पठारावर गेलो नव्हतो. काकूला कारणं सांगत होतो. त्या दिवशी कारण संपलं.

त्यांनी स्वतः दार उघडलं. डावी पापणी अजून खाली आहे, मान एका बाजूला कलते. घट्ट काही गिळता येत नाही. त्यांनी आतलं सारण चमच्यानं कुस्करून खाल्लं, भाजलेली कड माझ्याकडे सरकवली. म्हणाल्या, “तू खा. वाया घालवलीस तर आर्विला मला बोलेल.”

मग आपणहून म्हणाल्या, “मार्लिस कशी आहे रे? पोरीला माझ्यामुळे घर सोडावं लागलं.”

मी म्हटलं, “तुम्ही काय केलंत?”

“माझंच काहीतरी चुकलं. ती बिचारी तेरा म्हणून शिकवत होती. मी वर्तुळसुद्धा काढून ठेवलं होतं. पण तुझी चिठ्ठी होती ना, ‘एक पौंड जास्त’. म्हटलं, आपला कुकर एक पौंड जास्त दाब देतो, तर एक कमी करावा. तेरातून एक गेला, बारा. वजाबाकी तर बरोबर आहे ना?”

मी म्हटलं, “वजाबाकी बरोबर आहे.”

“मग चुकलं कुठे?”

मी उरलेली कड तोंडात घातली. त्या म्हणाल्या, “कुणाला सांगितलं नाही मी हे. तू एवढ्या सुंदर अक्षरात लिहून दिलेलं, आणि मला वाचता येऊ नये? लाज वाटते.”

तुझ्यासमोर हिशेब मांडायला नको, पण मांडतो, कारण आजवर तो टाळला. मापक एक पौंड जास्त दाखवत होता. काटा तेरावर असला तर आत खरे बारा. म्हणजे त्यांनी काटा चौदावर न्यायला हवा होता. त्यांनी बारावर ठेवला. आत अकरा. तुझी छापील चिठ्ठी असती तर तिच्यावर फक्त ‘१४’ असतं. तुझा नियम पाळला असता तर तो मापकच त्या घरी गेला नसता. एका पौंडासाठी म्हातारीला नवा मापक घ्यायला का लावा, असं मी मनात म्हटलं होतं. खरं सांगायचं तर म्हातारीचा विचार निम्माच होता. उरलेला निम्मा तुझा नियम मोडण्याचा.

घरी येऊन मी काकूला विचारलं, “कुकरच्या मापकावर ‘एक पौंड जास्त’ असं लिहिलंय. तू काय करशील?”

भांडी पुसता पुसता म्हणाली, “एक कमी करीन. त्यात विचारायचं काय?”

काल सोसायटीत आणखी पाच जणांना विचारलं. चार म्हणाले, कमी करू. पाचवा म्हणाला, “खरं उत्तर ‘वाढव’ असणार, नाहीतर तू विचारलंच नसतंस.” पाचांतले दोघं पदवीधर आहेत. हे शोधायला मला सहा माणसं आणि अर्धा दिवस लागला. बावीस वर्षांत मला एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

आता राहिलेलं. तार नुसती होती, असं मी लिहिलं. ते खरं आहे, कारण चिठ्ठी माझ्या कोटाच्या खिशात होती. आरोग्य खात्याचा माणूस बरण्या मोजत होता तेव्हा मी ती काढली. चूक लपवायला काढली, असं तेव्हा मी स्वतःशीही कबूल केलं नाही. लोक चुकीचा अर्थ लावतील म्हणून काढली, असं मला वाटत होतं. लावतील काय, लावला होता, आणि ती बाई तेव्हा यंत्रावर श्वास घेत होती. कोर्टात तू उभी राहिलीस तेव्हाही ती माझ्या खिशातच होती. मी खिशात हात घालून बसलो होतो. तू एकदा माझ्याकडे पाहिलंस. तुला वाटलं असेल, काका बोलतील.

तू पडावीस असं मला वाटत नव्हतं. पण तू पडलीस तेव्हा मला फार वाईट वाटलं नाही. मार्चपासून मी हे वाक्य टाळत होतो. दोन पत्रांत मी इतकं काही लिहिलं ते याच्याभोवती फिरायला.

सोबत तीन कागद आहेत. मूळ चिठ्ठी. मंडळाचा तुझा कागद भरून, सही करून; तो मी काउंटी कचेरीत कारकुनासमोर सोमवारी साक्षांकित करून मगच पाकिटात घालणार आहे, तेव्हा हे पत्र एक दिवस उशिरा निघेल, पण पंधराच्या आत पोचेल. आणि आयुक्तांना लिहिलेल्या पत्राची नक्कल. त्यात चिठ्ठी काढून घेतल्याचंही लिहिलं आहे. ते माझं काय करायचं ते करोत. काकूनं तिन्ही वाचले. दोन दिवस ती माझ्याशी फक्त जेवायला वाढलंय एवढंच बोलते आहे.

फ्रेरिक्सबाईंना सांगायचं अजून राहिलं आहे. उद्या कचेरीतून थेट तिकडे जाणार. त्यांना वाचता येतं, हे मीच सांगायला हवं.

त्यानंतर बाकीची घरं. माझ्या वहीत बावीस वर्षांतले ‘जास्त’ लिहिलेले एकशे अठरा कुकर निघाले. काहीजणी वारल्या, काही मुलींना देऊन गेल्या. आडनावं बदलली आहेत. साहेबाला घरी फोन केला आणि त्याच्या परवानगीनं तुझ्या छापील चिठ्ठ्यांचा गठ्ठा कार्यालयातून आणला. तुझ्या टेबलाच्या खालच्या खणात होता, दोरीसुद्धा सुटलेली नव्हती. बर्फ पडायच्या आत पठारावरची घरं संपवायला हवीत, कारण चूक तिथे जास्त महाग आहे. एखादीनं दारातच विचारलं, हे कुणी सांगितलं, तर तुझं नाव सांगीन. तू ते आधी वर्गातच सांगितलं होतंस, असंही सांगीन.

क्षमा मागत नाही. ती मागितली की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि माझ्यासाठी तू आधीच पुरेसं केलं आहेस.

वर लिहिलेलं सर्व माझ्या माहितीप्रमाणे खरं आहे.

व्हर्लिन ऑगस्ट टेश्नर
चिठ्ठी लिहिणारा