माझ्या भाताच्या जागेत दोन तारे

२८ सप्टेंबर २००३
— आणि भात कुठं टाकू? सुनेच्या डोक्यावर? मागच्या खोलीत दरसाल भात पडतं. यंदा तिथं अनिताबाईंचा कम्प्युटर बसलाय. रात्रंदिवस घरघर. झाडू मारायचा नाय, बटणाला हात लावायचा नाय. साईनाथला म्हटलं, बायको आणलीस का पाहुणी? पोरगा हसतो नुसता.

२ ऑक्टोबर
विचारलं, आत चाललंय काय. म्हणे दोन तारे आहेत, एकमेकांच्या फार जवळ. एक फुगतो, त्याचा वायू दुसरा ओढून घेतो. आभाळात बघत बसलं तर जन्म पुरायचे नाय, म्हणून कम्प्युटरात गणित मांडायचं. एक दुसऱ्याचं खातो, हे कळायला एवढं शिकायचं? माझ्या थोरल्या जावेकडं दोन दिवस राहायचं होतं.
बघितलं पण. एक लाल गोळा, एक पांढरा, मधे शेंबडासारखी तार.

४ ऑक्टोबर, खंडेनवमी
अनिता शेणव्याला माहेरी. विळे, कोयते, फाळ धुतले. मग तिच्या कम्प्युटरचं बटण बंद केलं. हळदकुंकू, झेंडूचा हार. आजच्या दिवशी कोण हत्यार चालवतो? कसलं का असेना, घरातलं आहे.

५ ऑक्टोबर
आली. हार बघून उभीच राहिली. "आई, सगळं पहिल्यापासून करायला लागेल."
साईनाथ म्हणाला, सोड आता. पुण्याचे तिचे सर दिवाळीपर्यंतच थांबणार, मग हिची संशोधनातली जागा दुसऱ्याला.
तिनं मला सोनं दिलं, पाया पडली, आत जाऊन परत चालू केलं. त्यापेक्षा भांडली असती तर बरं.

११ ऑक्टोबर
शहापूरला जाऊन सरांना फोन लावला. सांगितलं, बंद मी केलं, पोरीनं नाय. "पण का?" म्हणतो. म्हटलं, तुमच्यात खंडेनवमीला यंत्र पुजत नाय काय? एवढा शिकलेला माणूस! मग म्हणाला, दिवाळीपर्यंत बघू. बघू म्हणे.

१६ ऑक्टोबर
भात झोडून झालं. साईनाथ खोली रिकामी करायला निघाला. म्हटलं, वायरीला हात लावलास तर बघ. भात धाऊभावजींच्या पडवीत टाकलं. त्यांची बायको गोजर तोंड वाकडं करते. करू दे, सरळ कधी होतं.

१९ ऑक्टोबर
फुगलेला तारा निम्मा झालाय. अनिता सांगते, कधी त्याचं देणं थांबतं, तो उरतो. कधी घेणाऱ्यालाच झेपत नाय, दोघं एकात एक बुडतात. विचारलं, ह्या दोघांचं काय होणार? "ठाऊक नाय, आई."
ठाऊक नाय कसं? माझं भात दुसऱ्याच्या दारात पडलंय. सांगून ठेवलंय तिला — वसुबारसेच्या आत मला उत्तर पायजे. उरतो का नाय.