नववा प्रश्न आणि माझं शून्य

३ जून
आजपासून रोज लिहिणार. आपल्या कामाची नोंद आपणच ठेवावी, जग ठेवत नाही. जुन्या दुखण्यांच्या ओपीडीत मी मनाचे फॉर्म भरून घेतो. वर्षानुवर्षं दुखलं की माणूस मनानंही खचतो, म्हणून नऊ प्रश्न. नववा, जगणं नको वाटतं का? 'हो' आलं की वरच्या मजल्यावरच्या समुपदेशक मॅडमना फोन करायचा आणि त्या येईपर्यंत पेशंटजवळ बसायचं. माझ्याकडे दोन वर्षांत एकही 'हो' नाही. लोकांशी बोलायची हातोटी लागते.

५ जून, दुपार
शिवणकाम करणाऱ्या बाई. मान, अकरा वर्षं. नवव्याला 'हो', तेही ऐन जेवणाच्या वेळी. समजावलं की मावशी, असं सगळ्यांनाच वाटतं. त्यांनी उत्तर बदललं नाही. मीच रबर फिरवलं. फॉर्मला पेन्सिल द्यायची ही माझीच कल्पना.
काल लिहायचं राहिलं. कामाचा ताण.

१९ जून
बाई पुन्हा. पुन्हा 'हो'. काहींना लाड करून घ्यायची सवयच असते. खोडलं. घरी हे सांगितलं तर बायको ताटावरून उठून गेली. तिला ऑफिसातलं काय कळतं?
उद्यापासून पहाटे फिरायला जाणार.

२० जून
बूट चावतो.

२ जुलै
साहेबांनी दोन वर्षांचे आकडे मागवले. शून्य बघून जाम खूश. वर कळवतो म्हणाले. बढती कुठे जात नाही. सत्काराचं भाषण लिहायला घेतलं.

१७ जुलै
बाईंनी घरून बॉलपेन आणलं. नवव्याला 'हो', खाली दोन रेघा. रबरानं काही होईना.
नाइलाजानं वर फोन केला. नुसता वाजत राहिला. जाऊन पाहिलं तर खोलीला कुलूप. शिपाई म्हणाला, मॅडमना दहा तारखेलाच काढलं. अशा केसेसच नाहीत म्हणे इथे. तुमचेच आकडे दाखवले साहेबांनी.
डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, माझं काम मणक्याचं, उद्या बघू.
नियम म्हणजे नियम. बसलो बाईंजवळ, अकरा ते पाच. जेवण बुडालं. त्यांना धीर यावा म्हणून माझी नोकरी, आकडे, भाषणाचा मसुदा, सगळं सांगितलं. पाचला ओपीडी बंद झाली. बाई उठल्या, "बरं, येते," म्हणाल्या. 'येते' म्हणाल्या, 'जाते' नाही. माझ्या बसण्यानं फरक पडला.

१८ जुलै
बाईंच्या मुलीचा फोन. आईनं काल घरी जाऊन जीव दिला. मी सांगितलं की मी स्वतः सहा तास जवळ बसलो होतो. तिचं रडणं थांबलं.
"म्हणजे शेवटचं तुमच्याशीच बोलली ती. काय म्हणाली आई?"
खूप आठवून पाहिलं. मीच बोलत होतो.