खाटेखालची चप्पल

चिंचपोकळी,
शनिवार, दुपार

प्रिय वसंता,

तीन मजले वर राहणाऱ्या मित्राला पत्र लिहितोय म्हणजे म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, असं तू म्हणशील. पण तुझ्याकडे आलो की आपण कॅरमला बसतो, लक्ष्मीवहिनी पलंगावरूनच चहाचं फर्मान सोडतात आणि बोलायचं राहूनच जातं. शिवाय चौतीस वर्षं पोलिसात लोकांचे जबाब लिहिले, त्यामुळे मला तोंडापेक्षा पेन बरं चालवता येतं.

मंगळवारी सकाळी तळमजल्यावरचा कुशाबा त्याच्या मोरीत मेलेला सापडला. डोकं दगडी कट्ट्यावर आपटलेलं, दंडावर कोणाच्या तरी बोटांचे वळ. सोमवारी संध्याकाळी पुतण्या राजेश त्याच्याशी कडाकडा भांडला होता, ते सगळ्या चाळीने ऐकलं. झालं, पोलिसांनी खून म्हणून राजेशला उचललं. आज पाचवा दिवस. त्याची बायको मेघना तीन महिन्यांची पोर छातीशी धरून रोज माझ्या दारात येते. काका, तुम्ही साहेब होता ना, कायतरी करा हो, म्हणते. निवृत्त माणसाला कोणी साहेब म्हटलं की तो फुगतो. मीही फुगलो आणि बाळ्याला घेऊन कामाला लागलो.

बाळ्या कसला तपास करणार म्हणा! बारा वर्षांचा लठ्ठ कुत्रा, दहा पावलांवर बसकण मारतो. पण त्याच्यामुळे मला चारचौघांशी गप्पा मारायला निमित्त मिळतं. पानवाल्याने राजेशला सातला तणतणत जाताना पाहिलं. सव्वासातला सुंदराबाई कुशाबाला अळूवड्या देऊन आल्या, तेव्हा तो चांगला ठणठणीत होता, मीठ कमी पडलं म्हणून बोललासुद्धा. राजेश परत आला असणार, असं पोलीस म्हणतात. साडेसातला श्रावणी सोमवार सोडायला सगळे पानांवर बसलेले, गॅलरीत चिटपाखरू नव्हतं. त्यामुळे कोण आलं, कोण गेलं, कोणीच पाहिलं नाही.

मला मात्र एक गोष्ट खटकली. कुशाबा घरात मेलेला आणि दाराबाहेर त्याच्या चपला नाहीत. आपल्याकडे माणूस भांडायला गेला तरी आधी उंबऱ्याबाहेर चपला काढतो. राजेश तर नाडीचे बूट घालतो, तो कुशाबाच्या चपला कशाला नेईल? म्हणजे दुसरं कोणीतरी आत गेलं होतं, घाईने बाहेर आलं, स्वतःची एक चप्पल सापडेना म्हणून कुशाबाच्याच चपला पायात सरकवून निघून गेलं.

बाळ्याची खोड तुला ठाऊक आहे. दारातली एकच चप्पल उचलायची आणि माझ्या खाटेखाली आणून टाकायची. चाळीत कोणाचीही चप्पल हरवली तरी लोक हसत हसत आधी माझ्याकडेच येतात. यावेळी कोणी आलं नाही. काल मी गुडघे धरत वाकलो आणि ती ओढून काढली. डाव्या पायाची, तळाला रबराचा जादा थर शिवलेली. पाय बोटभर आखूड म्हणून असा थर शिवून घेणारा या चाळीत एकच माणूस आहे. वसंता, मी ती मांडीवर घेऊन कितीतरी वेळ बसून राहिलो. रडलो, हेही लिहून टाकतो.

पाय गेल्यापासून वहिनी तीन वर्षांत अंगणात उतरल्या नाहीत. कुशाबाची तळमजल्याची खोली तुला बदलून हवी होती, हे काल सुंदराबाईंकडून कळलं. तो वहिनींबद्दल काहीतरी लागट बोलला असणार, त्याची जीभ मीही ऐकलेली आहे. तू जीव घ्यायला गेला नव्हतास, हे मी कोर्टात शपथेवर सांगेन. पण मेघना रोज तुझ्या डोळ्यांदेखत जिन्याखाली रडते आणि तू गप्प बसलास, त्याचा मला राग आहे.

उद्या सकाळी दहाला मी ही चप्पल घेऊन पोलीस ठाण्यात जाणार. त्याआधी तू खाली ये. जे घडलं ते तुझ्या तोंडून सांग, मी शेजारी बसेन. वहिनींची काळजी करू नकोस. माझी खोलीही तळमजल्यालाच आहे. उद्यापासून त्या इथे राहतील आणि मी वर जाईन. बाळ्याला जिने चढवत नाहीत, त्याला उचलून नेईन. कुशाबाच्या दारात जाण्याआधी माझं दार एकदा वाजवायचं होतंस रे. मी तिथल्या तिथे हो म्हटलं असतं.

तुझाच,
शरद