दुसऱ्या फळीवरची बाटली

मी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा बार चालवणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर लिहीत आहे. शुद्धीवर म्हणजे सकाळपासून थेंबही घेतलेला नाही; वकिलांनी वास घेऊन खात्री केली आहे. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. तशी कोणाची टापही नाही.

१. राहता फ्लॅट मुलीला. तिला न आवडणारे पडदे तिने मी गेल्यावरच काढावेत.

२. चांदीचा शेकर भाच्याला. त्याने तो हातात धरून हलवावा, गिऱ्हाइकांपुढे हवेत उडवू नये.

३. लॉन्ड्रीखालच्या तळघरातला बार मी आणि माझ्या धाकट्या जाऊबाईंनी मिळून उभा केला, कागदोपत्री मात्र तो माझ्या एकटीचा आहे. कॉकटेलची कृती कोणी चोरू नये म्हणून आम्ही बाटल्यांची लेबलं भिजवून काढतो. बाटली ओळखायची ती जागेवरून. नऊ वर्षांपूर्वी वर्तमानपत्रातले एक बडे चवपारखी आले आणि मी त्यांच्या ग्लासात लिंबाच्या पाकाऐवजी ऑलिव्हचं खारं पाणी ओतलं. त्यांचं तोंड बघून मी भर बारमध्ये जाऊबाईंवर खापर फोडलं. तेव्हापासून आमचा अबोला. एकाच काउंटरमागे उभ्या राहतो आणि "त्यांना सांगा, बर्फ संपला" असं गिऱ्हाइकांकरवी बोलतो. गिऱ्हाइकांची छान करमणूक होते.

खरं असं, की त्या दुपारी दुसरी फळी पुसताना बाटल्यांची अदलाबदल माझ्याच हातून झाली होती. घरी गेल्यावर आठवलं, पण कबूल करायला जीभ रेटली नाही. जाऊबाई हातभर अंतरावर असतात, तरी मला त्यांच्या गप्पांची फार आठवण येते. सबब मी गेल्यावर बार, परवाना आणि कृतींची वही त्यांची. हे कलमही त्यांना मी गेल्यावरच वाचून दाखवावे.

४. (सहीपूर्वी वाढवलेले.) वकिलांनी वरील मजकूर साक्षीदारांना काउंटरवरच, कोर्टातल्या आवाजात वाचून दाखवला. आत लिंबं कापणाऱ्या जाऊबाई सुरीसकट बाहेर आल्या.

"ताई, मला त्याच रात्री ठाऊक होतं. फळी पुसलेलं ओलं फडकं तुम्हीच माझ्या हातात दिलं होतंत."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कधी बोलताय ते बघत होते. आणि तुम्ही मेल्यावर सांगणार होतात होय? मी भांडायचं कोणाशी?"

सबब कलम तीनमधील 'मी गेल्यावर' हे शब्द दोन्ही ठिकाणी खोडले आहेत. बार आजपासून दोघींचा. भांडण सध्या चालू आहे, म्हणून सही थोडी हलली आहे.

सही: थोरली जाऊ
साक्षीदार: वरचा लॉन्ड्रीवाला, बर्फवाला
स्थळ: बारचा काउंटर
दिनांक: ९ मार्च, दुपारी चार