तराजूचं पान

३ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल, फक्त माझं डोकं सोडून. आमच्या शिक्षणसाहेबांचं मुलांनी हातांनी करून शिकायचं पुस्तक छापून आलं. ताई, त्यातलं पान न् पान माझं आहे! जंगलातल्या या आदिवासी वस्तीवर तीन वर्षं पोरांबरोबर चिखलात बसून जमवलेलं. बियांची बेरीज, सावलीचं घड्याळ, सगळं. याच माणसाने तपासणीला येऊन त्याला पोरखेळ म्हटलं होतं आणि पोरांनी केलेली मातीची भांडी बुटाने बाजूला सारली होती.

आता दुसऱ्या भागासाठी माझी दुसरी वही हवी म्हणे. मी गोड हसून दिली. पण आधी एका पानावर एक खोट घालून ठेवली. साहेब स्वतः काडीला हात लावत नाहीत, त्यांना पत्ता लागणार नाही. शिक्षकांच्या भर सभेत करून दाखवतील तेव्हा लागेल. कुठलं पान ते आत्ता लिहीत नाही, जिरली की सांगेन.

रागावलीस तर रागाव, पण पोटात ठेव.

तुझी,
ठिणगी

१९ जुलै

चि. ठिणगीस,
अनेक आशीर्वाद.

रागावू कशाला? मी असते तर एका पानावर थांबले नसते. तुझी बाहुली मोडणाऱ्या आतेभावाच्या चपला तू विहिरीत टाकल्यास, तेव्हाच आईने कपाळाला हात लावला होता.

माझ्या वस्तीवरच्या शाळेतली एक पोर सांगते. बाप रानातून मध काढतो, म्हणून आम्ही तिला माशी म्हणतो. घरची भाषा सोडून दुसरं बोलत नाही, पण हातात काही दिलं की जागची हलत नाही. व्यापारी वजनात मारतो, म्हणून बापाने मला बजावलंय की पोर तराजू करायला शिकली तर शाळा, नाहीतर पावसाळा सरला की शेळ्यांमागे. मला सुतारकी कुठली येते? पण काढेन काही वाट.

साहेबाची जिरली की सविस्तर कळव. जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझी,
ताई

३० ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

जिरली! दोनशे शिक्षक, मंचावर बडे पाहुणे. साहेबांनी बाह्या सरसावून पुस्तकाबरहुकूम तराजू केला. बांबूची पट्टी, दोन करवंट्या, वजनाला खडे. उचलला की कलंडला. सरळ केला, पुन्हा कलंडला. खडे पाहुण्यांच्या मांडीवर! सभेला बरोबर नेलेल्या माझ्या पोरांना राहवेना. ती मंचावर चढली, दुसरं भोक पाडलं आणि तराजू गप्प उभा राहिला. पाहुण्यांनी विचारलं की हे पुस्तक नक्की कुणाचं, तेव्हा साहेब वाकून खडे वेचायला लागले. ताई, इतकं बरं मला कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं.

आता सांगते. पट्टीचं मधलं, दोरीने धरायचं भोक करवंट्या टांगायच्या टोकांच्या भोकांपेक्षा वर हवं. मी 'खाली' लिहिलं. तसा तराजू जन्मात स्थिर राहत नाही. छापलेले गठ्ठे आता पडतील गोदामात धूळ खात.

तुझ्या शाबासकीची वाट पाहते.

तुझी,
ठिणगी

८ सप्टेंबर

चि. ठिणगीस,
आशीर्वाद.

गठ्ठे गोदामात नाहीत. सभेच्या तीन आठवडे आधीच पुस्तकाचा दुसरा भाग आमच्या शाळेत आला. नाव साहेबाचं असलं तरी भाषा तुझी, ती मी लगेच ओळखली. खोट आहे हे ठाऊक होतं, पण लहानपणापासून तराजू तुझा जीव की प्राण, त्या पानाला तू हात लावणार नाहीस असं धरून चालले.

माशीने अकरा तराजू केले. बोटं कापून घेतली. दर वेळी मी तिला सांगत राहिले की पुस्तक बरोबर आहे, तुझंच कुठेतरी चुकतंय. अकरावा तिने बापासमोर धरला. तो कलंडला. पोरीने तराजू चुलीत घातला आणि आपणहून शेळ्या सोडल्या.

काल तुझं पत्र आलं. भोक वर पाडून तराजू केला आणि डोंगर चढून तिला दाखवायला गेले. तो हलेना. तिने बराच वेळ पाहिला आणि म्हणाली की बाईंचे हात शहाणे आहेत. मग स्वतःचे पाठीमागे लपवले.

खोट तिच्या हातांत नव्हती, माझ्या धाकट्या बहिणीने घातली होती, हे सांगायला माझी जीभ रेटली नाही. ते सांगायला तू ये.

तुझी,
ताई