सगळं शहर चुकीच्या वेगावर

३ नोव्हेंबर, रविवार. दुपार.
अम्पारो बिएखोतेकात गेली. पन्नाशी ओलांडलेला सगळा ओब्रेरो मोहल्ला रविवारी दुपारी तिथे नाचायला जातो. मी जात नाही. गुडघा. (डावा.) शेजारचा एर्मेस तिला बोलवायला आला होता. पांढरी पँट, पांढरे बूट, खिशात लाल रुमाल. रिटायर्ड बस ड्रायव्हर आहे, पण रविवारी बर्फगोळेवाल्यासारखा दिसतो.

जेवताना यूरानीने विषय काढला. २९ डिसेंबरला आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतात, पार्टी बिएखोतेकातच. पोरीने विचारलं, आईबरोबर पहिलं गाणं कोण नाचणार? अम्पारो भात वाढता वाढता म्हणाली, एर्मेस नाचेल की, तुझ्या बापाचा गुडघा आहे ना.

मला काहीच वाटलं नाही. अजिबात नाही. भात मात्र तसाच राहिला. मीठ कमी होतं.

४ नोव्हेंबर, सोमवार.
वाटलं. कालचं खोटं लिहिलं होतं. जाम वाईट वाटलं.

संकल्प. पहिल्या गाण्यात ट्रम्पेट सुरू झालं की जोडीदार हात सोडतात आणि ज्याची त्याची पावलं दाखवतात. त्या क्षणी मी रिंगणात शिरणार. एकट्याची पावलं! एर्मेस रुमालाने घाम पुसत मागे सरकणार. अम्पारो तोंडावर हात ठेवणार. मग मी हात पुढे करणार.

कुणालाही सांगायचं नाही. घरीच शिकायचं. काली शहरात, जिथे पोरं आधी नाचतात आणि मग चालतात, तिथे जन्मलेल्या माणसाने नाचाचा क्लास लावला, असं कळलं तर मला दुकान बंद करून डोंगरात राहायला जावं लागेल. शिवाय इथल्या सगळ्या नाचाच्या शाळांचे पंखे मीच दुरुस्त करतो.

६ नोव्हेंबर, बुधवार.
गुरू मिळाली. इंटरनेटवर. फिनलंडची सिर्पा. स्वतःच्या स्वयंपाकघरात नाचते, मागे खिडकीत बर्फ पडतंय. भाषा कळत नाही, पाय कळतात. मूळ पाऊल एका दमात जमलं. जवळजवळ.

अडचण एकच. ती समोर तोंड करून शिकवते, त्यामुळे तिचा उजवा तो माझा डावा. तांत्रिक माणसाला उपाय लगेच सुचतो. फोन उलटा ठेवला. आता सिर्पा छताला पाय लावून नाचते. उद्या दुसरा उपाय.

१० नोव्हेंबर, रविवार.
अम्पारो नाचायला, यूरानी मैत्रिणीकडे. घर माझं. वडिलांचा रेकॉर्ड प्लेअर दुकानातून वर आणला, तेलपाणी केलं. त्यांची पाचांगासुद्धा सापडली, उडत्या नाचगाण्याची लाल लेबलची रेकॉर्ड. हीच पार्टीला पहिली वाजणार आहे, अम्पारोने ठरवलंय.

लेबलवर वेग स्पष्ट छापलाय: मिनिटाला ३३ फेरे. आणि आमचं शहर काय करतं? ४५ वर लावतं! आमच्या आज्यांच्या काळापासून! म्हणे, मूळ वेग आमच्या पायांना पुरत नाही. मशिन बनवणारे काय वेडे होते? मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो, मिक्सरवर लिहिलंय तेवढंच फिरवा. कुणी ऐकत नाही, मग जळका मिक्सर घेऊन येतात.

मी ३३ वर लावली. अहाहा! केवढा मोकळा वेळ आहे या गाण्यात! एक पाऊल टाकलं की दुसऱ्याचा नीट विचार करता येतो. एवढी वर्षं मला वाटायचं, मला नाचता येत नाही. मला येतं. सगळं शहर चुकीच्या वेगावर नाचतंय.

१४ नोव्हेंबर, गुरुवार.
तोल उजवीकडे जातो. कारण सापडलं. जमिनीवर गोटी ठेवली, ती स्वयंपाकघराकडे घरंगळत गेली. घरालाच उतार आहे. आता मी चढाच्या दिशेने तोंड करून नाचतो.

यूरानी अचानक घरी आली. मी प्लेअरवर झुकलो आणि दुरुस्तीचा आव आणला. ती दारातच थबकली. म्हणाली, बाबा, कोण वारलं? मी म्हटलं, ही पाचांगा आहे. ती म्हणाली, हो का, मग हिला दवाखान्यात न्या. हल्लीच्या पिढीला खोलवर ऐकताच येत नाही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार.
प्रगती प्रचंड. आता सिर्पाच्या पावलांवर माझे स्वतःचे प्रकार. नावंही दिली.
‘ओली फरशी’: पाय पुढे सरकवून घाबरल्यासारखा मागे घेणे.
‘किल्ली विसरलो’: निघालेल्या माणसाने एकदम वळणे.
‘मुंगी वाचवा’: टाच उचलून हवेतच थांबणे. हा माझा सर्वात उत्तम. ३३ वर मुंगी आरामात घरी पोचते.

खालच्या मजल्यावरच्या फान्नीबाई वर आल्या. म्हणाल्या, एलिएसेर, माझ्या सूपमध्ये तुझ्या जमिनीचा चुना पडतोय, कपाट हलवतोयस का? मी हो म्हटलं. म्हणाल्या, दोन आठवडे? केवढं कपाट आहे? मी म्हटलं, सागवानी आहे.

१ डिसेंबर, रविवार.
बिएखोतेकाच्या खिडकीतून आत डोकावलो. हेरगिरी नव्हे. पंख्याचा आवाज कुठून येतोय ते बघायला.

एर्मेस नाचत होता. पाय दिसतच नव्हते, नुसता पांढरा धूर. काउबेलवाला घंटा बडवत होता, म्हाताऱ्या शिट्ट्या मारत होत्या. आणि अम्पारो हसत होती. घरी ती असं हसत नाही. घरी हसायला तसं काही घडतही नाही म्हणा.

निरीक्षण: एर्मेसच्या पायांना विराम नाही. विचार नाही. मुंगी तर केव्हाच मेली असती.

घरी येऊन दोन तास सराव. जेवलो नाही. मीठ बरोबर होतं.

७ डिसेंबर, शनिवार.
आज मेणबत्त्यांचा सण. अख्खी गल्ली फुटपाथवर मेणबत्त्या लावून बसलेली. मेणबत्त्यांच्या दोन रांगांमधून जाताना लक्षात आलं, पावलांच्या अचूकपणाची ही उत्तम परीक्षा आहे. सहज म्हणून ‘किल्ली विसरलो’ केलं.

फान्नीबाईंची पूर्ण रांग विझली. माझ्या पँटची कड पेटली. एर्मेसने लुलो फळाचं सरबत ओतून मला विझवलं. वर म्हणतो, जपून भाऊ, गुडघा ना तुझा. आभार मानावे लागले. या माणसाला चांगलं वागायची वाईट खोड आहे.

१६ डिसेंबर, सोमवार.
आज मुख्य काम. बिएखोतेकात रेकॉर्ड लावणाऱ्या म्हाताऱ्या तुलियोला भेटलो. म्हटलं, तुमचं मशिन पळतंय, फुकट दुरुस्त करून देतो. तो म्हणाला, मशिन नाही पळत रे, आम्ही पळवतो. मी त्याला लेबल दाखवलं. तो म्हणाला, लेबल छापणारा इथे नाचायला आला होता का कधी? तुझा बापसुद्धा पंचेचाळीसवरच नाचायचा. मी म्हटलं, म्हणूनच त्यांना धाप लागायची.

शेवटी पटलं त्याला. म्हणजे म्हणाला, तुझ्या लग्नाची पंचविशी, तुझं गाणं, तुझी अब्रू. ३३ तर ३३. माझ्या खांद्यावर हात ठेवून बराच वेळ बघत होता. भारावला असावा.

२२ डिसेंबर, रविवार.
रंगीत तालीम. काळे-पांढरे नवे बूट, तळवे गुळगुळीत. आदल्या दिवशी फरशीला मेणही चोळलं होतं. आता वाटतं, दोन्हींपैकी एकच पुरे होतं.

उजवा गुडघा खरोखर दुखतोय. म्हणजे डावाही खरोखरच दुखायचा. पण हा वेगळ्या तऱ्हेने, खरोखर.

अम्पारोने पायाला मलम चोळलं. काय झालं, विचारलं नाही. फक्त खाली मान घालून तिचे खांदे हलत होते. माझ्या काळजीने रडत असेल. किती प्रेम करते! सांगून टाकावंसं वाटलं. नाही सांगितलं. एक आठवडा राहिलाय फक्त.

२९ डिसेंबर, रविवार. सकाळ.
तयारी पूर्ण. सिर्पाला शेवटचं बघितलं. तिकडे अजून बर्फच. बाई, तुझं नाव आज काढतो.

गुडघे दोन्ही शांत. मीही शांत. दाढी करताना तीनदा कापलं, पण ब्लेड जुनं होतं. आज रात्री अम्पारो माझ्याबरोबर घरी येईल. म्हणजे रोजच येते. पण आज वेगळी येईल.

३० डिसेंबर, सोमवार.
घडलं ते क्रमाने लिहितो. तांत्रिक माणसाने निकाल लपवू नये.

अम्पारो निळ्या पोशाखात. एर्मेसने हात पुढे केला. तुलियोने रेकॉर्ड लावली. ३३. गायकाचा आवाज विहिरीतून आल्यासारखा निघाला. सगळा हॉल थांबला. काउबेलवाल्याने घंटा मारायला हात उचलला, तो वरच राहिला. अम्पारो आणि एर्मेस हातात हात घेऊन नुसते उभे. वीज गेली का, कुणीतरी विचारलं. दिवे चालू होते.

ट्रम्पेट वाजलं. मी शिरलो.

ओली फरशी. उत्तम. किल्ली विसरलो. उत्तम. मुंगी वाचवा! टाच हवेत. सगळे तोंड उघडं टाकून बघतायत. आयुष्यात पहिल्यांदा एवढे लोक माझ्याकडे बघत होते. मी सुखी होतो. खरंच सुखी होतो.

तेवढ्यात फान्नीबाई मागून ओरडल्या, अरे प्रेत काढताय की पार्टी करताय? हॉल हसून फुटला. आणि तुलियोने, गद्दार, वेगाचा खटका ४५ वर ढकलला.

पुढचं सलग आठवत नाही. किल्ली, फरशी, मुंगी, सगळं एकदम आलं. उजवा बूट सुटून लुलोच्या सरबताच्या पातेल्यात गेला. मी पडणार तेवढ्यात एर्मेसने मला कमरेला धरलं. धरलं ते गाणं संपेपर्यंत सोडलंच नाही, आणि त्या माणसाचे पाय थांबत नाहीत. थोडक्यात, माझ्या लग्नाच्या पंचविशीला पहिलं गाणं एर्मेस नाचला. माझ्याबरोबर.

टाळ्या मात्र भरपूर पडल्या. लोकांना वाटलं, विनोदी कार्यक्रम बसवलाय. तुलियो म्हणाला, दरवर्षी कर. अम्पारो हसता हसता जमिनीवर बसली, तिला उठवायला दोन माणसं लागली.

घरी चालत आलो. बूट चिकट झाला होता, म्हणून हातात. ती म्हणाली, मला नोव्हेंबरपासून माहीत आहे. फान्नीकडे पांदेबोनो, तिचे ते गरम चीज-पाव, खात बसायचो आम्ही, वरचा दिवा हलायला लागला की म्हणायचो, झाला क्लास सुरू. मी म्हटलं, तुझ्यासाठीच केलं सगळं. यावर ती हसली नाही. मग म्हणाली, पावलं कुणी मागितली होती रे तुझ्याकडे? पंचवीस वर्षांत एकदा तरी म्हणालास, चल, नाचू या? मी म्हटलं, गुडघा. ती म्हणाली, कुठला?

मला आठवावं लागलं. तिने ते बघितलं.

मग मी तिथेच, बेकरीच्या कोपऱ्यावर, एक बूट हातात घेऊन विचारलं. अम्पारो, नाचतेस का माझ्याबरोबर? आवाज ३३ वर गेला होता.

ती म्हणाली, आत्ता? पाय तुटलेत माझे. रविवारी विचार.

५ जानेवारी, रविवार. संध्याकाळ.
गेलो. विचारलं. हो म्हणाली.

दोन गाणी नाचलो. ४५ वर. पहिल्यात मी मुंगी वाचवायला गेलो, तिने कानात सांगितलं, काही करू नकोस, नुसता माझ्याबरोबर चाल. चाललो. तिच्या पायावर पाय पडला, पण फार वेळा नाही. तिचा हात घामाने ओला होता. माझाही. हा हात नाचताना कसा लागतो ते मला माहीतच नव्हतं.

तिसऱ्या गाण्याला ती म्हणाली, आता जरा एर्मेसबरोबर नाचते हं, खरी मजा येते. आणि पर्स माझ्याकडे देऊन गेली.

मी खुर्चीवर बसलो, पर्स मांडीवर. जड आहे. आत काय भरते कोण जाणे. दोघांचे पाय दिसत नव्हते. पण प्रत्येक गिरकीला ती मान वळवून इकडे बघत होती. पर्स जागेवर आहे का, ते बघत असेल.

नाही. माझ्याकडे बघत होती.