दहापैकी दहा

रोहा,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. एस्थर हिस दादाचे अ. उ. आ.

वि. वि. इकडे सर्व क्षेमकुशल. फोन सोडून पत्र कशाला, म्हणून दचकू नकोस. तुझी शीरावहिनी गेल्यापासून मी धड जेवत नाही, हे आमच्या लेकीने, तामारने, इस्राएलहून ताडलं. तिने माझ्या मोबाइलवर समुपदेशनाची ऑनलाइन सेवा घेऊन दिलीय. ती कामाची आहे की नाही, हे मी कळवायचं. बॉयलर असता तर तपासला असता, हे कसं तपासू?

पडद्यावर समोर सफा नावाची मुलगी असते, म्हसळ्याची. काका, काका करते. जवळच्या माणसाला हाताने पत्र लिहा, असं तिनेच सांगितलं. भेट झाली की मोबाइल विचारतो, तुमच्या मनाला आज किती बरं आहे, दहापैकी आकडा द्या. मी दहा देतो. कमी दिला तर तिचा साहेब म्हणेल, हिला एक म्हातारा बरा करता येत नाही. परक्याच्या लेकीची नोकरी आपल्यामुळे का जावी?

आरोनरावांना शालोम. लोभ आहे, तो तसाच राहू दे.

तुझा दादा
एलियाह

पेण,
शुक्रवार, १४ नोव्हेंबर

ति. एलियाहदादास एस्थरचा शालोम व सा. न.

वि. वि. तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोनदा गोंधळले. यांचं म्हणणं, मोबाइलसमोर रडून कोण बरं झालंय. मला तेही पटत नाही, कारण आमच्यापाशी तू कधी रडलाच नाहीस.

धाटावच्या कंपनीत तुझ्या हाताखालचा पोपट बॉयलरचं मीटर न बघता रीडिंग लिहायचा, म्हणून तू त्याला शिफ्टवरून घरी पाठवलंस. ही गोष्ट आम्ही तुझ्या तोंडून शंभर वेळा ऐकलीय. मग आता तू काय करतोयस रे? त्या मुलीला कळणार कसं?

परवा तुझ्या शेजारचा आयझॅक रोह्याहून आला. सांगत होता, की दादा पार वाळलाय गो, ओट्यावर अजून दोन ताटं मांडतो. तुझ्या पत्रात मात्र क्षेमकुशल. मी आकड्यावर विश्वास ठेवू, पत्रावर की आयझॅकवर? मला भीती वाटते, दादा.

शब्बाथचे दिवे लावायची वेळ झाली, थांबते. माया कमी करू नये, पण लपवूही नये.

तुझीच
एस्थर

रोहा,
मंगळवार, १८ नोव्हेंबर

चि. सौ. एस्थर हिस अ. उ. आ.

वि. वि. नेहमीचं वाक्य लिहायला गेलो आणि पेन थांबलं. आई-बाबांपासून आपण ते लिहीत आलो. घरात काहीही झालेलं असो. इकडे कुशल नाही, एस्थर.

शनिवारी सूर्य मावळून शब्बाथ संपल्यावर मोबाइल उघडला, तर त्यात माझं अभिनंदन. तुम्ही आता बरे आहात, पुढच्या भेटींची गरज नाही, असं लिहून त्यांनी भेटी बंद केल्या. पास झालो म्हणून खूश व्हायला हवं होतं. मी ओट्याशी बसून रडलो.

काल त्यांच्या मदतीच्या नंबरवर फोन करून मी खोटं रीडिंग दिल्याचं कबूल केलं. तासाभराने सफाचा फोन आला. ओरडेल वाटलं होतं. तिने खरा आकडा विचारला. मी दोन सांगितला. ती म्हणाली, की काका, हे दोन तरी कशाचे? एक तामारच्या फोनचा, एक तुझ्या पत्राचा, असं माझ्या तोंडून निघून गेलं. भेटी परत सुरू झाल्यात, आता आठवड्यातून दोनदा.

सेवा चांगली की वाईट, तामारला काय कळवू? मुलगी चांगली वाटते, मोबाइल गाढव वाटतो, आणि माझं मला अजून समजत नाही.

एक मात्र ठाऊक आहे. शब्बाथचे दिवे शीराच लावायची; ती गेल्यापासून या घरात एकाही शुक्रवारी ते लागले नाहीत. काडी हातात घेतो आणि ठेवून देतो. हे मी सफालाही सांगितलेलं नाही. या शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत ये. दुसरं ताट मांडलेलंच असतं.

तुझा दादा
एलियाह